प्रिन्सेस कट ब्लाउज: मापापासून शेवटच्या हुकापर्यंत

फोर टक्सचा ब्लाउज नीट शिवता येत असेल तर प्रिन्सेस कट अवघड जायचं कारण नाही. फोर टक्समध्ये छातीचा उभार चार टक्समध्ये (कापड दुमडून शिवलेल्या निमुळत्या चिमट्यांमध्ये) वाटलेला असतो: एक कमरेकडून, एक मुंढ्यातून (बाही जोडतात त्या गोल कडेतून), एक बगलेतून आणि एक हूकपट्टीकडून. प्रिन्सेस कटमध्ये हे सगळं काम मुंढ्यापासून कमरेपर्यंत जाणाऱ्या एकाच उभ्या सांध्यावर सोपवलेलं असतं. त्यामुळे समोरच्या भागाचे दोन तुकडे होतात, हूकपट्टीकडचा मधला आणि बगलेकडचा बाजूचा. हा सांधा टक्स पॉइंटच्या, म्हणजे उभाराच्या टोकाच्या, वर-खाली दोन-दोन इंचांत बरोबर बसला की ब्लाउज बसला. तिथे पाव इंचाची चूक झाली, तर बाकीचं शिवण कितीही सुबक असलं तरी उपयोग नाही.

नाव थेट राजघराण्यातून आलेलं आहे. कमरेला आडवा जोड न देता, खांद्यापासून खालपर्यंत जाणाऱ्या उभ्या सांध्यांतूनच अंगाचा आकार काढायचा, ही पद्धत १८७० च्या दशकात युरोपात लोकप्रिय झाली. तिचं श्रेय पॅरिसमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज शिंप्याला दिलं जातं. तेव्हाची प्रिन्सेस ऑफ वेल्स अलेक्झांड्रा, म्हणजे १८६३ साली ब्रिटनच्या युवराज एडवर्डशी लग्न होऊन आलेली आणि १९०१ साली राणी झालेली डेन्मार्कची राजकन्या, हिच्यावरून ‘प्रिन्सेस’ हे नाव पडलं असं सांगतात. तिथे तो पायघोळ झगा होता, आपल्याकडे साडेचौदा इंचांचा ब्लाउज आहे. तत्त्व मात्र तेच: आडवा जोड नाही, सगळं उभ्या रेषेत.

कापड आणि अस्तर

साडीतून निघणारा ८० सेंटिमीटरचा ब्लाउजपीस ३६ छातीपर्यंत, छोट्या बाहीसह, पुरतो. त्याच्या पुढे किंवा कोपरापर्यंत बाही हवी असेल तर एक मीटर घ्या. प्रिन्सेस कटला फोर टक्सपेक्षा थोडं जास्त कापड जातं, कारण दोन तुकड्यांच्या मध्ये दोन्हीकडची माया (शिवणीसाठी कडेला ठेवलेलं जास्तीचं कापड) सोडावी लागते. खणाचा पन्हा (रुंदी) मुळातच कमी असतो. म्हणून तुकडे कागदावर कापून, खणावर मांडून पाहिल्याशिवाय कात्री लावू नका.

अस्तर सुतीच हवं. क्रेपचं गुळगुळीत अस्तर मुख्य कापडाच्या खाली सरकत राहतं आणि वळणाचा सांधा शिवताना हमखास दगा देतं. सुती अस्तर किमान दोन-तीन तास पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. ही पायरी गाळली तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि प्रिन्सेसच्या सांध्यावर चुण्या पडतात. मग त्या इस्त्रीने जात नाहीत.

मोठी बुट्टी किंवा मोर असलेलं कापड या कटाला शोभत नाही. सांधा नक्षीच्या मधून जातो आणि अर्धा मोर बगलेकडे जातो. साधं कापड, बारीक बुट्टी किंवा उभ्या रेघा निवडा. पैठणीचा काठ बाहीला लावा, समोर नको. बुट्टी असलेलं कापड कापण्याआधी कागदी तुकडा त्यावर ठेवून बघा आणि टक्स पॉइंटवर नेमकी बुट्टी येत असेल तर तुकडा इंचभर वर-खाली सरकवा.

मापं

ब्लाउजखाली जी अंतर्वस्त्रं घालणार तीच घालून मापं घ्या. पॅडेड आणि साध्या ब्रामध्ये टक्स पॉइंट सहज अर्धा-पाऊण इंच वर-खाली होतो. श्वास नेहमीसारखा चालू ठेवायचा, टेप अंगाला लागलेली हवी पण रुतलेली नको.

पुढचं सगळं गणित खालच्या मापांवर दिलं आहे. तुमची मापं त्यांच्या जागी घाला.

छाती ३६
ब्लाउज संपतो तिथला घेर ३०
खांदा (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) १४½
मागची उंची १४½
पुढची उंची (टक्स पॉइंटवरून) १५
टक्स पॉइंटची खोली १०
दोन टक्स पॉइंटमधलं अंतर ७½
मुंढा १५½
दंड १२, बाहीची उंची ६, बाहीचा खालचा घेर ११½
पुढचा गळा ७, मागचा गळा ८

ही सगळी मापं इंचांत आहेत. यातली दोन मापं फार जण अंदाजाने टाकतात आणि तिथेच फसतात. पहिलं टक्स पॉइंटची खोली. खांद्यावर जिथे ब्लाउजचा गळा सुरू होणार, तिथून टेप सरळ खाली उभाराच्या टोकापर्यंत न्या. त्याच ठिकाणी टेप धरून तसंच खाली ब्लाउज संपतो तिथपर्यंत आणा, म्हणजे पुढची उंचीही मिळते. दुसरं दोन टक्स पॉइंटमधलं अंतर. हे छातीवरून काढायचं कुठलंही सूत्र भरवशाचं नाही. एकाच ३६ छातीच्या दोन बायकांमध्ये ते ७ ही निघतं आणि ८¼ ही.

मागचा भाग

मागच्या भागापासून सुरुवात करा, तो सोपा आहे. कागदावर आखणी करताना माया धरायची नाही. निव्वळ आकार काढायचा आणि माया शेवटी सगळीकडून सोडायची. प्रिन्सेस कटमध्ये हे पाळावंच लागतं, कारण माया धरलेल्या कडेवर सांध्याची लांबी तपासता येत नाही.

कागदाची घडी ही पाठीची मध्यरेषा. वरून खाली १४½ उंची. वरून ७ इंचांवर छातीची आडवी रेषा (छातीचा सहावा भाग अधिक १). वरच्या रेषेवर घडीपासून ३½ वर गळ्याची रुंदी आणि ७ वर खांद्याचं टोक. खांद्याचा अर्धा ७¼ येतो, पण मागचा गळा खोल असल्यामुळे पाव इंच कमी धरला आहे. तसं न केल्यास खांदा घसरतो. खांद्याचं टोक पाऊण इंच खाली उतरवा आणि गळ्याच्या टोकाशी जोडा.

छातीच्या रेषेवर ९ इंच (छातीचा चौथा भाग). खांद्याच्या टोकापासून खाली येताना मुंढा अर्धा इंच आत घेऊन मग बाहेर वळवा आणि ९ वर आणून सोडा. खाली बगलेकडून अर्धा इंच आत. कमरेचा टक्स घडीपासून ३½ वर, रुंदी १ इंच, टोक छातीच्या रेषेच्या १ इंच खाली. खालचा निव्वळ घेर ९ वजा अर्धा वजा १, म्हणजे ७½ राहतो.

गळा ८ इंचांपेक्षा खोल हवा असेल तर गळ्याच्या तळाशी मध्यरेषा पाव इंच आत घ्या आणि वर दोरी लावा. मागे दोरी लावायचीच नसेल तर गळा सहा-साडेसहा इंचांवर थांबवा.

पुढचा भाग आणि सांध्याची रेषा

नवा कागद. डावी उभी कड ही समोरची मध्यरेषा, जिथे हूक येणार. उंची १५. छातीची रेषा इथेही वरून ७ वर. गळ्याची रुंदी ३½, खांद्याचं टोक ७ वर, उतार पाऊण इंच. खांद्याची रेषा मागच्या खांद्याएवढीच लांब आली पाहिजे, टेप लावून बघा. गळा ७ इंच खोल.

छातीच्या रेषेवर ९¾ (छातीचा चौथा भाग अधिक पाऊण). दोन्ही भाग मिळून अंगाच्या मापापेक्षा दीड इंच सैल होतं, अस्तराच्या ब्लाउजला तेवढं पुरतं. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त कोरायचा, पाऊण इंच आत. खाली बगलेकडून पाव इंच आत घ्या आणि खालची रेषा बगलेकडे अर्धा इंच वर उचला, म्हणजे पुढची बगल आणि मागची बगल सारखी ७½ होते.

आता टक्स पॉइंट: वरून १० खाली, मध्यरेषेपासून ३¾ (दोन पॉइंटमधल्या अंतराचा अर्धा). तिथून सरळ खाली एक रेषा आणि खालच्या कडेवर तिच्या दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच. हा दीड इंचाचा कमरेचा टक्स. हिशेब करून बघा: ९¾ वजा पाव वजा दीड म्हणजे ८. मागचे ७½ आणि पुढचे ८, दुप्पट केले की ३१, म्हणजे ३० घेरावर एक इंच सैल.

मुंढ्यावर बगलेपासून मुंढ्याच्या कडेने ३½ इंच वर एक खूण करा आणि तिच्या वर अर्ध्या इंचावर दुसरी. वरची खूण मधल्या तुकड्याची, खालची बाजूच्या तुकड्याची. वरच्या खुणेपासून टक्स पॉइंटपर्यंत हलकी वळणदार रेषा काढा आणि ती कमरेच्या टक्सच्या मध्यरेषेकडच्या पायाला जोडा. हा मधला तुकडा. खालच्या खुणेपासून तशीच रेषा टक्स पॉइंटपर्यंत आणून बगलेकडच्या पायाला जोडा. हा बाजूचा तुकडा. मधला अर्धा इंच आणि खालचा दीड इंच कापून टाकायचा.

टक्सची ही मापं ३६ छाती आणि मध्यम उभारासाठी आहेत. उभार कमी असेल तर कमरेला १ आणि मुंढ्यात पाव इंच पुरे. जास्त असेल तर कमरेला २ आणि मुंढ्यात पाऊण इंच. कमरेच्या टक्समध्ये जेवढा फरक कराल तेवढा छातीच्या रेषेवर पुढच्या भागात वाढवा किंवा कमी करा, म्हणजे खालचा घेर बदलणार नाही.

टक्स पॉइंटवर रेषेचा कोपरा अजिबात ठेवू नका. बाजूच्या तुकड्यावर पॉइंटच्या वर-खाली इंचभर गोलाई द्या, नाहीतर अंगावर शंकूसारखं टोक दिसतं. नवीन शिवणाऱ्यांच्या प्रिन्सेस कटमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच, आणि तो शिवणातला नसतो, कागदावरचा असतो.

दोन तुकडे कापून वेगळे झाले की टेप कडेवर उभी धरून दोन्ही सांध्याच्या रेषा मोजा. टक्स पॉइंटपासून खाली दोन्ही सारख्या हव्यात. टक्स पॉइंटपासून वर बाजूचा तुकडा पाव इंचापर्यंत लांब चालतो, तो शिवताना मुरवता येतो, म्हणजे चुणी न पडू देता सांध्यात सामावून घेता येतो. फरक त्याहून जास्त असेल तर मुंढ्याकडून छाटा. पॉइंटकडून छाटू नका.

मुंढाही आत्ताच मोजा. पुढचा साधारण ८½, त्यातला अर्धा इंच सांध्यात गेला, राहिला ८. मागचा साधारण ७¾. बेरीज १५¾, अंगाचा मुंढा १५½. पाव इंच जास्त हा चांगला फरक आहे. कमी आला तर बगल पाव इंच खाली घ्या. मुंढा आतल्या बाजूला कोरून लांबी वाढवायची सवय वाईट, त्याने छातीवरचं कापड कमी होतं आणि हात पुढे नेला की मुंढा काचतो.

पुढचा गळा खोल असेल आणि छाती भरलेली असेल तर गळ्याची कड अंगापासून सुटते. त्यावरचा उपायही कागदावरच आहे. मधल्या तुकड्यात गळ्याच्या मध्यापासून टक्स पॉइंटकडे जाणारी घडी घाला, गळ्याशी पाव इंच आणि पॉइंटशी शून्य. घडी चिकटपट्टीने पक्की करून गळ्याची आणि सांध्याची रेषा पुन्हा सलग आखून घ्या.

माया आणि कटिंग

माया अशी सोडा: सांध्याला दोन्ही तुकड्यांवर अर्धा इंच, खांदा आणि मुंढा अर्धा इंच, बगलेला दीड इंच, गळ्याला पाव इंच, खाली १ इंच, समोरच्या मध्यरेषेला अर्धा इंच. ब्रोकेड किंवा धागे सुटणारं रेशीम असेल तर सांध्याला पाऊण इंच. बगलेची दीड इंच माया जास्त वाटली तरी कमी करू नका, पुढे ब्लाउज सैल करायचा झाला तर तीच कामी येते.

प्रत्येक कागदी तुकड्यावर उभ्या धाग्याची रेषा आखलेली हवी. मधल्या तुकड्यात ती मध्यरेषेला समांतर असते. बाजूच्या तुकड्यात छातीच्या रेषेला काटकोनात काढा. हा तुकडा अंदाजाने तिरका ठेवला तर बगलेखाली कापड ताणलं जातं आणि एका बाजूला ब्लाउज पिळल्यासारखा दिसतो.

कापड सुलटी बाजू आत येईल असं दुमडून दोन्ही बाजूंचे तुकडे एकदमच कापा. एकेरी कापडावर कापताना दोन्ही तुकडे एकाच हाताचे निघण्याचा धोका असतो. बाजूचा तुकडा लहान आणि वर-खाली जवळपास सारखा दिसतो, म्हणून कापल्या कापल्या उलट्या बाजूवर खडूने मुंढ्याकडे बाण करून ठेवा. सांध्याच्या दोन्ही कडांवर तीन खाचा द्या: एक टक्स पॉइंटला, एक त्याच्या २ इंच वर, एक २ इंच खाली. खाच सूतभरच (इंचाचा आठवा भाग) हवी. अस्तरालाही त्याच खाचा.

सांधा शिवणं

पॅड घालायचे नसतील तर प्रत्येक तुकड्याला त्याचं अस्तर कडेपासून पाव इंचावर धावदोऱ्याने जोडा आणि पुढे दोन्ही थर एकच कापड समजून शिवा. पॅड घालायचे असतील तर अस्तराचा सांधा वेगळा शिवा, मुख्य कापडाचा वेगळा, आणि पॅड या दोघांच्या मध्ये ठेवा. पॅडचं केंद्र टक्स पॉइंटवर येऊ द्या आणि पॅड फक्त अस्तराला हाताने टाचा. पॅड लावल्यावर घेर वाढतो, म्हणून छातीत आणखी अर्धा इंच सैल ठेवावं लागतं.

मशीनला रेशमासाठी ११ नंबरची सुई, जाड सुतीसाठी १४. टाका अडीच मिलिमीटरचा.

मधल्या तुकड्याची कड टक्स पॉइंटच्या वर आत वळलेली असते आणि बाजूच्या तुकड्याची बाहेर फुगलेली. दोन उलट वळणं एकमेकांवर बसवायची असल्यामुळे मधल्या तुकड्याची माया उघडावी लागते. पॉइंटच्या २ इंच खालपासून मुंढ्यापर्यंत, कडेपासून अर्ध्या इंचाला सूतभर कमी अंतरावर, म्हणजे सांध्याच्या रेषेच्या किंचित बाहेर, एक टीप मारून घ्या. मग माया अर्ध्या-अर्ध्या इंचावर त्या टिपेच्या अगदी जवळपर्यंत कापा, टीप तोडू नका. माया पंख्यासारखी पसरते आणि कड बाजूच्या तुकड्याच्या फुगीर कडेवर सहज बसते.

पिना लावण्याचा क्रम: आधी टक्स पॉइंटची खाच, मग खालचं टोक, मग मुंढ्याचं टोक, मग उरलेल्या दोन खाचा, शेवटी मधली जागा. बाजूचा तुकडा जो थोडा लांब असतो तो वरच्या दोन खाचांच्या मध्ये बोटांनी मुरवा. पिना लावून झाल्या की पॉइंटच्या वर-खाली तीन-तीन इंच बारीक धावदोरा घाला. हा टाळावासा वाटेल, टाळू नका. मधला तुकडा वर ठेवून शिवलं तर एका बाजूला टीप खालून वर जाते आणि दुसऱ्या बाजूला वरून खाली. मशीन खालचं कापड जास्त ओढतं, त्यामुळे धावदोऱ्याशिवाय डावा आणि उजवा पॉइंट हमखास वर-खाली होतात.

मधला तुकडा वर, बाजूचा खाली ठेवूनच टीप मारा. वळणावर दर चार-पाच टाक्यांना सुई कापडात ठेवून दाब (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचला, कापड वळवा, दाब खाली सोडा. कापड ओढून वळवलं की सांधा आखडतो. टीप संपल्यावर सुलट करून बघा: पॉइंटच्या आसपास एकही चुणी शिवणात अडकलेली नको. अडकली असेल तर तेवढेच दोन इंच उसवून पुन्हा शिवा.

नंतर बाजूच्या तुकड्याच्या मायेतून, जिथे ती वळणावर जाड होते तिथे, छोटे त्रिकोण कापून काढा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून सांधा तिच्यावर ठेवा आणि माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. सपाट टेबलावर इस्त्री केली तर एवढ्या कष्टाने काढलेला उभार चपटा होतो.

जोडणी आणि पहिली फिटिंग

मागचे टक्स शिवा, खांदे जोडा, बगला लांब टाक्याने कच्च्या शिवा आणि ब्लाउज अंगावर घालून समोर टाचण्या लावा. गळा, हूकपट्टी, बाही यातलं काहीही लावण्याआधी ही फिटिंग करायची. आरशासमोर एकदा हात सरळ खाली सोडून आणि एकदा पदर सावरताना होतो तसा डावा हात उचलून बघा.

पॉइंटच्या वर कापड रिकामं फुगलेलं दिसलं तर मुंढ्यातला टक्स कमी पडला आहे. मुंढ्याकडून पॉइंटपर्यंत सांधा आत घ्या, वर पाव इंच आणि पॉइंटपाशी शून्य. पॉइंटच्या खाली सैल वाटलं तर कमरेकडचा भाग आत घ्या. पॉइंटवरून बगलेकडे तिरक्या ताणाच्या सुरकुत्या जात असतील तर बाजूचा तुकडा अरुंद आहे. बगलेची माया पाव इंच सोडा आणि पॉइंटवर सांध्याची माया सूतभर सोडा. सांधाच उभाराच्या टोकापासून बगलेकडे सरकलेला दिसत असेल तर दोन पॉइंटमधलं अंतर जास्त घेतलं गेलं. अर्ध्या इंचापर्यंत सांधा टोकाच्या बाहेरच्या बाजूला असलेला चालतो, किंबहुना बांधा बारीक दिसतो. तो टोकाच्या आत, हूकपट्टीकडे आला तर मात्र वाईट दिसतं, आणि तुकडा पुन्हा कापण्याखेरीज इलाज नाही.

समोरून ब्लाउज वर चढत असेल तर पुढची उंची कमी पडली आहे. खालची १ इंच माया पूर्ण न दुमडता पट्टी जोडून अर्धा-पाऊण इंच मिळवता येतो.

पट्टी, गळा, बाही

उजव्या बाजूला हूकपट्टी: दीड इंच रुंद पट्टी सुलटीकडून जोडून पूर्ण आत दुमडायची. डाव्या बाजूला काजपट्टी (हूक अडकतात ती पट्टी): ३ इंच रुंद, दुहेरी करून पाऊण ते एक इंच बाहेर ठेवायची. हूक दीड-दीड इंचावर. पहिला हूक गळ्याशी लावून तिथून मोजत जाण्यापेक्षा एक हूक बरोबर टक्स पॉइंटच्या रेषेवर लावा आणि तिथून वर-खाली मोजा. ताण सगळ्यात जास्त तिथेच येतो, आणि दोन हुकांच्या मधली जागा त्या रेषेवर आली तर ब्लाउज नेमका तिथेच उघडतो.

गळ्याला पायपिनसाठी (कडेला लावायच्या बारीक गोटासाठी) सव्वा इंच रुंद क्रॉस पट्टी, कापडाच्या बरोबर तिरक्या धाग्यावर कापलेली. लावताना पट्टी वळणावर हलकी ताणा, सरळ भागावर ताणू नका.

बाहीचा घेर दंड १२ अधिक १ म्हणजे १३, गोलाची उंची ३½, खालचा घेर १२. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा पाव ते अर्धा इंच जास्त आला पाहिजे, आणि पुढच्या बाजूने तो अर्धा इंच जास्त कोरलेला हवा. बाही जोडताना प्रिन्सेसच्या सांध्याची माया उघडीच राहू द्या. ती एका बाजूला दुमडली गेली तर मुंढ्यात गाठ येते आणि बगलेत टोचते.

याच कटाबरोबर राणीच्या नावाचा ‘क्वीन अ‍ॅन’ गळा फार छान जातो: मागे मानेपर्यंत उंच, खांद्यावर मानेला लागून, समोर हृदयाच्या आकारात उघडा. गळ्याची रुंदी ३½ ऐवजी २¾ घ्या, मागचा गळा १ इंचच ठेवा. समोर गळ्याची कड साडेचार-पाच इंच जवळजवळ सरळ खाली आणा आणि मग वळण देऊन मध्यरेषेवर ७ पर्यंत न्या. हा गळा पायपिनने उभा राहत नाही. आतून दोन इंच रुंद पट्टी, तिला फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं कडक अस्तर) लावलेलं, असा जोड द्या. मागून बंद असल्यामुळे खांदा घसरत नाही, तेव्हा खांद्यात पाव इंच कमी करायची गरजही उरत नाही.

खांद्यापासूनचा सांधा

मुंढ्याऐवजी खांद्याच्या मध्यापासून सांधा नेला तर वळण जवळजवळ सरळ होतं आणि शिवायला सोपं जातं. मुंढ्यातला अर्धा इंच मग खांद्यावर काढायचा, म्हणून पुढच्या खांद्याची रेषा आखतानाच अर्धा इंच लांब घ्या आणि पुढचा मुंढा अर्धा इंच कमी येऊ द्या. मागच्या टक्सचं टोक वर वाढवून तोही खांद्यापर्यंत नेला तर पुढचा-मागचा सांधा खांद्यावर एकमेकांना मिळतो. ४० च्या पुढच्या छातीला आणि उभ्या रेघांच्या कापडाला हा प्रकार जास्त शोभतो. रुंद, उघडा गळा असेल तर मात्र मुंढ्याचाच सांधा घ्या, कारण खांद्याची पट्टी अडीच इंचांपेक्षा अरुंद झाली की तिच्या मधोमध सांधा आणि दुहेरी माया मावत नाही.

ब्लाउज अंगावर नीट बसला की फिटिंगमध्ये केलेला प्रत्येक बदल कागदी तुकड्यांवर लाल पेनाने उतरवा. त्यांवर मापं आणि तारीख लिहा आणि ते सपाट ठेवा, दुमडू नका. दुमडलेल्या कागदावर सांध्याच्या वळणात सूतभर फरक पडतो.